नाकापेक्षा मोती जड: कोकणातल्या घरात टर्नटेबलला कार्ट्रिज जुळवताना

महागडं कार्ट्रिज (सुई धरणारा आणि तिच्या हालचालीचा विजेचा सिग्नल करणारा छोटा भाग) आणलं आणि आवाज पूर्वीपेक्षा वाईट झाला, ही तक्रार जुनीच आहे. कार्ट्रिज सदोष निघाल्याची उदाहरणं थोडी. बहुतेक वेळा जोडी चुकलेली असते. टोनआर्म कार्ट्रिजला धरून ठेवतो, फोनो स्टेज त्याचा इवलासा सिग्नल वाढवतो, तबकडीची खाच त्याला हलवते. दापोलीपासून वेंगुर्ल्यापर्यंत या तिघांत एक चौथा भिडू शिरतो, तो म्हणजे खारी, दमट हवा. म्हणून कॅटलॉग उघडण्याआधी चार गोष्टी कागदावर लिहा: टोनआर्मचं परिणामी वजन (आर्म हलताना सुईला जाणवणारं वजन, इफेक्टिव्ह मास), फोनो स्टेज सिग्नल किती पट वाढवतो, घरातल्या तबकड्या कुठल्या काळातल्या आहेत आणि टर्नटेबल वर्षातले किती महिने बंद असतो. कार्ट्रिजचं नाव पाचव्या ओळीवर.

आधी आर्म

नाकापेक्षा मोती जड ही म्हण इथे शब्दशः लागू पडते. उलटंही घडतं: नाक दणकट आणि मोती अगदीच नाजूक. सुईची दांडी ज्या रबरी आधारावर हलते तो एक स्प्रिंगच, आणि आर्म व कार्ट्रिज हे त्या स्प्रिंगवरचं वजन. दोन्ही मिळून एका ठरावीक गतीने डोलतात. हा डोल ८ ते १२ हर्ट्झमध्ये असावा. त्याच्या खाली वाकलेल्या तबकडीचे हेलकावे आणि माणसांच्या पावलांचे हादरे असतात. वर १५-२० हर्ट्झपासून ऐकू येणारा खर्ज सुरू होतो. मधली ही चिंचोळी पट्टी तेवढी मोकळी असते.

हिशोब शाळेतला आहे. आर्मचं परिणामी वजन, कार्ट्रिजचं वजन आणि स्क्रूंचं वजन ग्रॅममध्ये मिळवा. त्या बेरजेला कार्ट्रिजच्या लवचीकतेच्या, म्हणजे कम्प्लायन्सच्या आकड्याने गुणा. गुणाकाराचं वर्गमूळ काढा आणि १५९ ला त्याने भागा. टेक्निक्स एसएल-१२०० या टर्नटेबलचा आर्म हेडशेलसकट (आर्मच्या टोकाचा, कार्ट्रिज बसवायचा तुकडा) १२ ग्रॅमचा धरतात. त्यावर ७.२ ग्रॅमचं ऑर्टोफॉन २एम रेड लावलं, स्क्रूंना अर्धा ग्रॅम धरला, तर बेरीज १९.७. कम्प्लायन्स २०. गुणाकार ३९४, वर्गमूळ १९.८, उत्तर ८ हर्ट्झ. चालतं, पण काठावर आहे.

इथे एक खड्डा आहे आणि त्यात भलेभले पडतात. युरोपीय कंपन्या कम्प्लायन्स १० हर्ट्झला मोजून देतात, जपानी कंपन्या बहुधा १०० हर्ट्झला. जपानी आकड्याला दीड ते दोनने गुणल्याशिवाय वरचं सूत्र वापरू नका. डेनॉन डीएल-१०३ चा कागदावरचा आकडा ५ आहे. तो तसाच घातला तर उत्तर साडेपंधरा हर्ट्झ येतं आणि हे कार्ट्रिज टेक्निक्सवर चालणारच नाही असं वाटतं. दुपटीने १० धरला, कार्ट्रिजचे साडेआठ ग्रॅम मिळवले, की उत्तर ११ च्या आसपास येतं, म्हणजे झकास. ऑडिओ-टेक्निका तर दोन आकडे छापते, एक स्थिर आणि एक गतिमान. व्हीएम५४०एमएलचा स्थिर आकडा ४० आहे. तो सूत्रात घालायचा नसतो. गतिमान १० घ्या, पावणेदोनने गुणा, आणि उत्तर ९ हर्ट्झच्या जवळ येईल.

कोकणात या हिशोबाला जास्त किंमत आहे, कारण इथे तबकड्या वाकतात. कौलांखालच्या किंवा पत्र्याखालच्या माळ्यावर आडव्या रचलेल्या एलपी एप्रिल-मेच्या उकाड्यात बशीसारख्या होतात. अशी तबकडी मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांनी फिरली की सेकंदाला अर्ध्याहून थोडा जास्त हेलकावा देते, शिवाय लहान लाटा ४-५ हर्ट्झपर्यंत पोचतात. डोल ६-७ हर्ट्झवर असलेलं अतिलवचीक कार्ट्रिज या लाटांवर होडीसारखं नाचतं. गाणं थांबलेल्या जागीसुद्धा वूफरचा पडदा आत-बाहेर होताना दिसला, तर समजावं की आकडा खाली गेलाय. हेडशेल हलकं लावा, पितळी स्क्रू काढून ॲल्युमिनियमचे घाला. उलट खर्ज फुगलेला आणि आवाज ताठ वाटत असेल तर हेडशेल जड करा किंवा मध्ये पितळी पट्टी द्या. दोन्ही वेळा आर्मच्या मागच्या टोकाचं तोलाचं वजन पुन्हा जुळवावं लागतं, आणि ते मागे-पुढे सरकवूनही तोल येत नसेल तर त्या आर्मला ते कार्ट्रिज नकोच.

टर्नटेबल ठेवायची जागाही याच हिशोबात येते. खालच्या जमिनीवर, शेणाने सारवलेली असो की फरशीची, पावलं जाणवत नाहीत. माडीच्या लाकडी तक्तपोशीवर मात्र नातवंडं धावली की सुई उडते. तिथे जांभ्याच्या भिंतीत लोखंडी ब्रॅकेट ठोकून फळी लावणं हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत मोठा फरक पाडणारा उपाय. जांभा सच्छिद्र असतो, साधे प्लास्टिकचे रावळप्लग त्यात काही महिन्यांत सैल होतात. लांब अँकर घ्या आणि भोकं दोन चिऱ्यांच्या सांध्यात न पाडता चिऱ्याच्या मधोमध पाडा.

सिग्नल आणि फोनो स्टेज

कार्ट्रिजचे दोन मुख्य प्रकार. सुईबरोबर चुंबक हलतं ते मूव्हिंग मॅग्नेट, म्हणजे एमएम, साधारण ३ ते ६ मिलिव्होल्ट देतं. कॉइल हलते ते मूव्हिंग कॉइल, एमसी, कमी आउटपुटचं असेल तर ०.२ ते ०.५ मिलिव्होल्ट. एमएमसाठीचा फोनो स्टेज ४० डेसिबल, म्हणजे १०० पट वाढवतो. एमसीसाठीचा ६० डेसिबल, म्हणजे १००० पट. डीएल-१०३ चे ०.३ मिलिव्होल्ट १००० पटीने ०.३ व्होल्ट होतात, तेवढं ॲम्प्लिफायरला पुरतं. तेच कार्ट्रिज एमएमच्या खोबणीत लावलं तर ०.०३ व्होल्ट, आवाजाचं बटण शेवटपर्यंत फिरवलं की गाण्याबरोबर सूंऽऽ आणि घूंऽऽ हेही तितकंच वर येतं. उलट चूकही होते. एमएम चुकून एमसीवर टाकलं की तारसप्तकातली प्रत्येक तान फाटते, आणि लोक सुई बदलायला निघतात.

ज्यांच्याकडे चांगला एमएम स्टेज आहे त्यांना स्टेप-अप ट्रान्सफॉर्मर हा मार्ग मोकळा असतो. १:१० चा ट्रान्सफॉर्मर डीएल-१०३ ला ३ मिलिव्होल्टपर्यंत नेतो. कार्ट्रिजला दिसणारा भारही तोच ठरवतो: एमएम स्टेजच्या ४७,००० ओहमला गुणोत्तराच्या वर्गाने भागायचं, म्हणजे १:१० ला ४७० ओहम आणि १:२० ला सुमारे ११७. ढोबळ नियम असा की भार कॉइलच्या रोधाच्या निदान दहापट असावा. ४० ओहमच्या डीएल-१०३ ला ४७० बरोबर बसतो. भार फार कमी पडला तर आवाज दबतो, वरचे स्वर मंदावतात. फार जास्त झाला तर झांज आणि स-श टोचायला लागतात.

एमएमला ओहमची चिंता नाही, ४७,००० ठरलेलेच. तिथे केबल घात करते. कार्ट्रिजच्या कॉइलचं इंडक्टन्स आणि केबलची कपॅसिटन्स मिळून वरच्या स्वरांत एक उंचवटा तयार होतो. २एम रेडचं इंडक्टन्स ७०० मिलिहेन्री आहे. एकूण कपॅसिटन्स १५० पिकोफॅरॅड असेल तर हा उंचवटा साडेपंधरा किलोहर्ट्झवर येतो. तीच ३०० झाली तर थेट ११ किलोहर्ट्झवर, म्हणजे कानाला खुपेल अशा जागी. साध्या केबलीत मीटरमागे ५० ते १०० पिकोफॅरॅड असतात, त्यात फोनो स्टेजच्या आतले १०० ते २०० मिळवा. ॲम्प्लिफायर दुसऱ्या भिंतीला म्हणून तीन मीटर केबल ओढणाऱ्यांनी आधी फोनो स्टेज टर्नटेबलशेजारी आणावा. लांब केबल त्याच्या पुढे टाकली तर चालते.

लाइट गेली की इन्व्हर्टरवर गाणी ऐकणारे इथे पुष्कळ. चौकोनी लहरीचा इन्व्हर्टर एमसीच्या आवाजात करकर मिसळतो. साइन वेव्हचा घ्या आणि तो, चार्जर आणि स्टॅबिलायझर टर्नटेबलपासून दीड-दोन मीटर लांब ठेवा. टर्नटेबलची बारीक हिरवी किंवा काळी अर्थची तार फोनो स्टेजच्या स्क्रूलाच आवळायची, भिंतीतल्या अर्थला नाही. दोन्हीकडे लावली तर घूं वाढतो.

सुईचं टोक आणि घरातल्या तबकड्या

पैसे खर्च करायचे तर ते हिऱ्याच्या टोकाच्या आकारावर करा. एलपीच्या बाहेरच्या कडेला खाच सुईखालून सेकंदाला ५१ सेंटिमीटर सरकते, लेबलाजवळ २१ वर येते. तेच स्वर अडीचपट दाटीने कोरलेले असतात. गोल टोकाचा हिरा तिथल्या बारीक वळणांत उतरत नाही, आणि आवाज चरचरतो. आपल्याकडे हा दोष अगदी वर्मावर बसतो, कारण विलंबित बाहेरच्या प्रशस्त खाचांत असतो आणि द्रुत, तराणा नेमके आतल्या दाटीत येतात. पाश्चात्त्य ऑर्केस्ट्राच्या चढत्या शेवटाचंही तेच दुखणं आहे, पण ख्यालाच्या जवळजवळ प्रत्येक बाजूवर ते येतं. ज्यांच्या कपाटात शास्त्रीय संगीत आणि नाट्यसंगीत जास्त आहे त्यांनी गोल टोकाचं भारी एमसी घेण्यापेक्षा मायक्रोलिनियर किंवा शिबाता (दोन्ही बारीक घडवलेल्या कडांचे आकार) टोकाचं एमएम घ्यावं. डीएल-१०३ १९६० च्या दशकात जपानच्या एनएचके रेडिओसाठी बनलं. मजबूत आणि भरदार आहे, आवाजातली माणसाची ऊब त्याच्याइतकी थोडी कार्ट्रिजं देतात. पण त्याचं टोक गोल आहे, आणि लेबलाजवळ ते लपत नाही.

बारीक टोकाचा आणखी एक फायदा म्हणजे ते खाचेच्या भिंतीला वर-खाली जास्त लांबीभर टेकतं. जुन्या बोथट सुयांनी झिजवलेल्या पट्ट्याच्या वर-खाली बहुधा कोरी जागा शिल्लक असते, ती या टोकाला सापडते. आयुष्यही जास्त: ऑडिओ-टेक्निका स्वतः लंबवर्तुळी टोकाला सुमारे ३०० तास आणि मायक्रोलिनियरला सुमारे १००० तास सांगते. तासामागचा खर्च काढला तर महाग वाटणारी सुई स्वस्त पडते. किंमत एकच, जुळवणीत हयगय चालत नाही. गोल टोक अर्धा अंश तिरकं बसलं तरी निभावतं, मायक्रोलिनियर नाही.

मोनो एलपी आणि लहान ईपी असतील तर वेगळं कार्ट्रिज लगेच नको. ॲम्प्लिफायरवर मोनोचं बटण असेल तर ते दाबा. खाचेच्या उभ्या हालचालीतून येणारी खरखर त्याने बरीच कटते.

लाखेच्या ७८ च्या तबकड्यांना मात्र एलपीची सुई कधीही लावू नका. त्यांची खाच तिप्पट-चौपट रुंद असते. एलपीचं १५-१८ मायक्रॉनचं टोक तिच्या तळाशी घासत जातं, आवाज खरखरतो आणि टोक झिजतं. ७८ ला ६५ ते ७५ मायक्रॉनचं टोक लागतं. सुई सहज बदलणारं एमएम घेतलं की तेच शरीर आणि दोन सुया एवढ्यात काम भागतं. ऑडिओ-टेक्निकाच्या व्हीएम९५ मालिकेत ७८ ची सुई स्वतंत्र मिळते आणि तीच मालिका मायक्रोलिनियरपर्यंत जाते. ऑर्टोफॉनच्या २एममध्ये रेडच्या शरीरावर ब्लूची सुई बसते, ब्राँझच्या शरीरावर ब्लॅकची.

हवा, आणि एमसी घ्यावं की नाही

एमसीची सुई घरी बदलता येत नाही. तुटली, झिजली, रबर गेलं की अख्खं कार्ट्रिज कंपनीला परत किंवा टोक बसवणाऱ्या कारागिराकडे, आणि कोकणातून म्हणजे कुरियरने. शिवाय चाकरमान्यांची घरं गणपती, शिमगा आणि मे महिना एवढीच उघडतात. जून ते सप्टेंबर ९० टक्क्यांच्या दमटपणात, बंद खोलीत, आर्मवर टांगलेलं कार्ट्रिज पिनांवर कळंक आणि रबरावर बुरशी घेऊन भेटतं. अशा घरासाठी एमएम. वर्षभर नांदतं घर असेल आणि कोरडी पेटी सांभाळायची तयारी असेल तर एमसी जरूर घ्या.

याच कारणाने कोकणात सुटं हेडशेल असलेला आर्म सोयीचा. कानाला एका तुकड्याचे आर्म थोडे स्वच्छ लागत असतील, पण कार्ट्रिजसकट हेडशेल अर्ध्या मिनिटात काढून डब्यात ठेवता येणं ही इथे चैन नाही. लिटरभर मापाचा घट्ट झाकणाचा डबा, त्यात ५० ग्रॅम सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक. ४५ ते ५५ टक्के राखा. त्याहून फार कोरडं रबराला नको. नारिंगी जेल घ्या, निळ्यात कोबाल्ट असतो. रंग उडाला की जुन्या तव्यावर मंद आचेवर परतून पुन्हा वापरता येतं, पण तो तवा परत स्वयंपाकात आणू नका.

समुद्राकाठच्यांनी वाळू सांभाळावी. रत्नागिरीजवळ मिऱ्या, काळबादेवी इथल्या किनाऱ्यावरच्या काळ्या वाळूत इल्मेनाइट आणि मॅग्नेटाइटचे कण आहेत. फ्रिजवरचं चुंबक त्यात फिरवून पाहा, काळी मिशी उगवते. एमसीचं चुंबक याहून जबर असतं. एक कण दांडी आणि चुंबकाच्या फटीत गेला की एका बाजूचा आवाज घुसमटतो आणि तो कण काढणं म्हणजे दांडी मोडण्याची तयारी. किनाऱ्यावरून आलेल्या मुलांचे हात आणि उघडी सुई यांच्यामध्ये झाकण हवंच.

बुरशी आलेली तबकडी धुतल्याशिवाय लावू नका, ती खाचेतून थेट सुईवर गोळा होते. डिस्टिल्ड पाणी, त्यात दहा टक्क्यांपर्यंत आयसोप्रोपिल अल्कोहोल, मऊ ब्रश, आणि शेवटी नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने विसळणं. विहिरीचं पाणी वाळून खाचेत क्षार सोडतं. ७८ च्या तबकड्यांना अल्कोहोल अजिबात नको. लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. सुई कोरड्या ब्रशने मागून पुढे, नेहमी त्याच दिशेने.

बसवताना

हेडशेल काढून टेबलावर घ्या, खाली पांढरं कापड पसरा, म्हणजे पडलेला स्क्रू सापडतो. सुईचं झाकण लावलेलंच ठेवा. आधी तारा, मग स्क्रू. पांढरी डावी धन, निळी डावी ऋण, तांबडी उजवी धन, हिरवी उजवी ऋण. चिमट्याने क्लिप धरा, तार नव्हे. क्लिप सैल असेल तर लाकडी टूथपिकवर बसवून हलकेच दाबा. घट्ट असेल तर जोर करू नका, पिन आत ढकलली गेली की कॉइलची तार तुटते. पिनांवर कधीही सोल्डर नको. क्लिपा हिरवटल्या असतील तर आयसोप्रोपिलच्या बोळ्याने पुसून दोनदा काढून-घालून बसवा.

स्क्रू एम२.५ चे, भोकांमधलं अंतर १२.७ मिलिमीटर. बोटानेच आवळा, कार्ट्रिज सरकेल इतकं सैल ठेवा. टेक्निक्सवर हेडशेलच्या मागच्या कॉलरपासून सुईच्या टोकापर्यंत ५२ मिलिमीटर ही कंपनीची खूण आहे. ती धरून सुरुवात करा. बाकी आर्मना छापील प्रोट्रॅक्टर, म्हणजे सुईचा कोन जुळवायचा तक्ता. तिथे बेअरवाल्ड पद्धतीचे शून्यबिंदू (जिथे सुई खाचेला अगदी सरळ बसते) तबकडीच्या मध्यापासून ६६ आणि १२०.९ मिलिमीटरवर येतात, स्टीव्हन्सनचे ६०.३ आणि ११७.४ वर. सगळीकडे बेअरवाल्ड सुचवलं जातं. आमचं मत, शास्त्रीय संगीताच्या कपाटाला स्टीव्हन्सन. मधल्या भागात विकृती थोडी वाढते, पण लेबलाजवळ सर्वांत कमी राहते आणि द्रुत तिथेच असतो. प्रोट्रॅक्टर घरी छापताना प्रिंटर ''पानात बसवा'' करतो का पाहा. पट्टीने १०० मिलिमीटरची रेघ मोजल्याशिवाय त्यावर विसंबू नका.

मग वजन. अँटिस्केटिंग (आर्मला तबकडीच्या मध्याकडे ओढणारं बळ तोलणारी यंत्रणा) शून्यावर, आर्म तरंगेपर्यंत मागचं वजन फिरवा, तिथे आकडा शून्य करा, मग कार्ट्रिजचं सुचवलेलं वजन द्या. २एम रेडला १.८ ग्रॅम, डीएल-१०३ ला २.५. खात्रीसाठी ०.०१ ग्रॅमचा काटा तबकडीच्या उंचीवर ठेवून मोजा. काट्याची ताटली पोलादी असेल तर एमसीचं चुंबक तिला खेचतं आणि आकडा खोटा दाखवतो. दिलेल्या मर्यादेच्या खालच्या टोकापेक्षा वरचं टोक बरं. हलकी सुई खाचेत उड्या मारते आणि तबकडी जड सुईपेक्षा जास्त खराब करते.

उंची: सुई तबकडीवर असताना आर्मची नळी तबकडीला समांतर. मागे रेघा आखलेलं पोस्टकार्ड उभं करून पाहा. झुकाव पाहायला सुईखाली पातळ आरसा. सुई आणि तिचं प्रतिबिंब एका सरळ रेषेत दिसावं. अँटिस्केटिंग वजनाच्या आकड्याइतकं लावून सुरू करा. मोठ्या आवाजात उजवी बाजू आधी फाटली तर थोडं वाढवा, डावी फाटली तर कमी करा. दोन्ही फाटल्या तर प्रश्न वजनाचा किंवा झिजलेल्या तबकडीचा.

पहिल्या २०-३० तासांत रबर सैलावतं, दांडी किंचित खाली बसते. तेव्हा वजन आणि उंची पुन्हा मोजा. गणपतीत घर उघडल्यावर डब्यातून काढलेलं कार्ट्रिज लगेच लावू नका, तासभर खोलीतल्या हवेत राहू द्या, हेडशेलच्या मागच्या चार पिना पुसा, आणि पहिली तबकडी कुठलीशी स्वस्तातली लावा.